मुलांमधला कुशिंग रोग आणि औषधं : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

निदान झाल्यावर आईवडील ओपीडीत येतात तेव्हा हातात जाडजूड फाइल असते आणि ओठांवर एकच प्रश्न: "डॉक्टर, गोळ्यांनी बरं होईल ना?" मी लहान मुलांच्या हार्मोनच्या आजारांवर काम करते. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचं उत्तर एकदा निवांतपणे लिहून काढावं असं वाटलं. पुढचे प्रश्न पालकांनीच विचारलेले आहेत. उत्तरं वाचून घरी डोस बदलू नका. त्याऐवजी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून आणा.

कुशिंग रोग म्हणजे नेमकं काय?

मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात एक छोटी गाठ होते आणि ती एसीटीएच नावाचं हार्मोन बेसुमार सोडू लागते. एसीटीएच हा मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा मुकादम. मुकादम दिवसरात्र ओरडत राहिला की कामगार थांबत नाहीत, तशा अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवत सुटतात. कॉर्टिसॉल शरीराला लागतंच, पण सकाळी जास्त आणि मध्यरात्री अगदी कमी. या मुलांमध्ये रात्रीही ते खाली उतरत नाही.

ही गाठ कर्करोगाची नसते, हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. 'ब्रेन ट्यूमर' हा शब्द ऐकल्यावर आईवडिलांना पुढचं काहीच ऐकू येत नाही. आजाराचं नाव अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांच्यावरून पडलं. पिट्युटरीतल्या गाठीशी या आजाराचा संबंध त्यांनी १९३२ मध्ये सविस्तर मांडला.

आमचा मुलगा नुसता जाड आहे की हा आजार आहे, हे कसं ओळखायचं?

वजनाच्या जोडीला उंची बघा. जास्त खाऊन जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात, निदान उंचीत मागे तरी नसतात. कुशिंगमध्ये वजन वाढत जातं आणि उंची जागच्या जागी थांबते. चार-पाच वर्षांचं मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वजन भराभर वाढतंय आणि उंची वर्षभरात ३ सेंटिमीटरही वाढली नाही, तर थांबून विचार करायला हवा.

एका आईने ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगली समजावली. तिने मुलाची शाळेची पँट पिशवीत घालून आणली होती. कंबरेला दोनदा शिवण उसवून कापड सोडलं होतं, आतल्या बाजूला दोऱ्याच्या जुन्या खुणा दिसत होत्या. खालची दुमड मात्र शिंप्याने दोन वर्षांपूर्वी घातली तशीच होती. "कंबर सोडत गेले, पण लांबी कधी सोडावीच लागली नाही," ती म्हणाली. मी वाढीचा तक्ता काढून उंचीचे ठिपके जोडले, तर रेघ अगदी त्या दुमडीसारखी सपाट निघाली.

बाकीच्या खुणांमध्ये गोल, लालसर चेहरा, पोटावर आणि मांड्यांवर जांभळट पट्टे, मुलींच्या चेहऱ्यावर लव, मुरुमं, वाढलेला रक्तदाब, थकवा, चिडचिड आणि वयात येणं लांबणं या येतात. सगळ्या खुणा एकाच मुलात दिसतील असं नाही. आणि घरातली मोठी माणसं कौतुकाने म्हणतात, "अंगाने भरलाय, दृष्ट लागेल." त्या कौतुकात दोन-तीन वर्षं निघून जातात. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ऑपरेशन झालेल्या २०० मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं सुरू झाली तेव्हाचं सरासरी वय १०.६ वर्षं होतं आणि ऑपरेशनच्या वेळचं १३.७. मधली तीन वर्षं म्हणजे उंची वाढण्याची सगळ्यात महत्त्वाची वर्षं.

बाळाला बरेच दिवस स्टिरॉइडचे थेंब दिले होते, क्रीमही लावत होतो. त्यानेच झालं का?

तसं असेल तर तो वेगळा प्रकार, आणि आपल्याकडे तोच जास्त दिसतो. स्टिरॉइड शरीरात कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, म्हणून बाहेरून दिलेल्या स्टिरॉइडने चेहरा तसाच गोल होतो, वाढ तशीच थांबते. सर्दीखोकल्यासाठी महिनोन्महिने दिलेले बीटामेथासोनचे थेंब, लंगोटाच्या पुरळावर रोज चोळलेलं क्लोबेटासोलचं क्रीम, दम्याच्या नावाखाली मिळालेली बिननावाची पूड, हे सगळं आम्ही पाहिलेलं आहे. कारण कुठलंही असो, अशा अवस्थेला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. पण बाहेरच्या स्टिरॉइडने झालेला हा प्रकार कुशिंग रोग नाही आणि त्यावर या पानातली औषधं द्यायची नसतात. म्हणून पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूब आणि पुड्या घेऊन या.

आणि हे वाचून घाबरून स्टिरॉइड एका दिवसात बंद करू नका. शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवायची सवय मोडलेली असते. अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते हळूहळू कमी करून देतात.

गोळ्यांनी गाठ विरघळेल का? ऑपरेशन टाळता येईल का?

नाही. हे उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं, पण ते स्पष्टच द्यायला हवं.

या आजारात वापरली जाणारी बहुतेक औषधं गाठीला हातच लावत नाहीत. ती अ‍ॅड्रिनल ग्रंथीत जाऊन कॉर्टिसॉल तयार होण्याची एखादी पायरी अडवतात. मुकादमाचा आरडाओरडा चालूच राहतो, आपण फक्त कारखान्यातलं एक यंत्र बंद करतो. औषध थांबवलं की यंत्र पुन्हा सुरू. गाठीवरच काम करणारी दोन औषधं आहेत, पण त्यांच्यावर मुलाचा आजार कायमचा जाईल अशी भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून जगभर पहिला उपाय ऑपरेशन हाच आहे. नाकातून दुर्बिणीने पिट्युटरीपर्यंत जायचं आणि तेवढी गाठ काढायची. कवटी उघडत नाहीत, डोक्यावर व्रण राहत नाही. मुलांमधल्या या गाठी अनेकदा तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नसतात आणि एमआरआयमध्ये दरवेळी दिसतातच असं नाही. बेथेस्डाच्या त्या २०० मुलांपैकी निम्म्यांमध्येच एमआरआयवर गाठ दिसली होती. तरी ऑपरेशननंतर १९५ मुलांचा आजार आटोक्यात आला. हा आकडा अतिशय अनुभवी हातांचा आहे, प्रत्येक ठिकाणी तो मिळेल असं नाही. माझा सगळ्यात ठाम सल्ला त्यातूनच येतो: इस्पितळ निवडताना इमारत बघू नका. तिथल्या सर्जनने अशा किती मुलांची ऑपरेशनं केली आहेत, ते विचारा. हे विचारण्यात अपमान नाही. चांगला सर्जन स्वतःहून सांगतो.

मग औषधं कधी लागतात?

चार प्रसंगी. पहिला, मूल इतकं आजारी असतं की लगेच ऑपरेशन झेपणार नाही: बीपी आवाक्याबाहेर, साखर वाढलेली, अंगात जंतुसंसर्ग, मनःस्थिती बिघडलेली. काही आठवडे औषधाने कॉर्टिसॉल खाली आणलं की भूल देणं सुरक्षित होतं. दुसरा, गाठ नक्की कुठे आहे याचा शोध चालू असतो आणि तोवर मुलाला तसंच सोडता येत नाही. तिसरा, ऑपरेशन होऊनही आजार राहिला किंवा काही वर्षांनी उलटला.

चौथा प्रसंग पालकांना सहसा माहीत नसतो. ऑपरेशनने काम झालं नाही की कधी रेडिएशन देतात. मुलांमध्ये त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा लवकर दिसतो, पण तरीही महिने जातात, कधी वर्ष-दीड वर्ष. तेवढा काळ औषधच मुलाला सांभाळतं.

या चारही प्रसंगांत औषधाला मुदत असते. औषध सुरू करताना डॉक्टरांना विचारा, "हे कशाची वाट बघत देताय?" याचं उत्तर स्पष्ट मिळालं पाहिजे.

कोणकोणती औषधं असतात?

मुलांमध्ये सगळ्यात जास्त वापर दोन औषधांचा, मेटिरापोन आणि कीटोकोनाझोल. त्यांच्याबद्दल सविस्तर सांगते.

*मेटिरापोन* कॉर्टिसॉल बनण्याची शेवटची पायरी अडवतं. काही तासांतच काम सुरू होतं, त्यामुळे घाईच्या वेळी उपयोगी. पण परिणाम तितक्याच लवकर ओसरतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. रिकाम्या पोटी दिलं की मळमळ होते. दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर द्या. शेवटची पायरी अडली की आधीच्या पायऱ्यांवरचा माल साचत जातो. त्यातला काही मीठपाणी धरून ठेवणारा असतो, त्याने बीपी वाढू शकतं आणि पोटॅशियम उतरतं. काही पुरुषी हार्मोनकडे वळतो, मग मुलींच्या ओठांवर, हनुवटीवर लव वाढते. वयात येणाऱ्या मुलीला याचा फार त्रास होतो. तो आधीच सांगून ठेवला तर ती आईशी बोलू शकते. न सांगता लव वाढली तर ती गोळ्या लपवून ठेवते.

मेटिरापोन चालू असताना तपासणीतही एक खाच आहे. कॉर्टिसॉलच्या काही नेहमीच्या रक्ततपासण्या साचलेल्या त्या मालालाच कॉर्टिसॉल समजतात आणि आकडा खोटाच जास्त दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून डोस वाढवला तर मुलाचं खरं कॉर्टिसॉल धोक्याइतकं खाली जातं. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या, असा घोळ न करणाऱ्या पद्धतीची तपासणी मिळत असेल तर तीच करून घ्या, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहा.

*कीटोकोनाझोल* मुळात बुरशीवरचं औषध. ते कॉर्टिसॉलच्या एकाहून जास्त पायऱ्या अडवतं. आपल्याकडे मिळतं, स्वस्त आहे, मुलींमध्ये लव वाढवत नाही. काळजी यकृताची. २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी यकृताच्या धोक्यामुळे बुरशीसाठी याच्या गोळ्यांचा वापर आवळला. पुढच्याच वर्षी युरोपने हेच औषध शरीरातच जास्त कॉर्टिसॉल बनून होणाऱ्या कुशिंग सिंड्रोमसाठी (कुशिंग रोग त्यातलाच), १२ वर्षांवरच्या मुलांसकट, मंजूर केलं. यात विसंगती नाही. नखाच्या बुरशीसाठी यकृत पणाला लावण्यात अर्थ नाही, पण कुशिंगसारख्या आजारात देखरेखीखाली तो धोका पत्करता येतो. देखरेख म्हणजे सुरुवातीला दर आठवड्याला यकृताची रक्ततपासणी, मग महिन्याने. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी फोन करायचा. या औषधाने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही कमी होतं. त्यामुळे वयात येणाऱ्या मुलग्याची छाती दुखली किंवा वाढल्यासारखी वाटली तर त्याने लाजून गप्प बसू नये.

कीटोकोनाझोल अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. आमच्या एका मुलाचं कॉर्टिसॉल महिनाभर छान उतरलं आणि मग अचानक चढलं. डोस तोच, गोळ्या त्याच. दोन भेटी आम्ही बुचकळ्यात होतो. शेवटी आजीने सांगितलं, की पोरगा जळजळतं म्हणतो म्हणून ती त्याला रोज सकाळी स्वतःची अ‍ॅसिडिटीची गोळी देत होती. आजीचं काही चुकलं नव्हतं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक भेटीत विचारते: घरातलं कोण कोण याला काय काय देतं?

उलटीसाठी सर्रास मिळणारं डोम्पेरिडोनही कीटोकोनाझोलबरोबर चालत नाही, दोन्ही मिळून हृदयाची लय बिघडू शकते. आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल तर आपल्याकडे घरोघरी असते. ती या मुलाला दोन्ही बाजूंनी मारक आहे. काही अँटिबायोटिकं, एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, हीसुद्धा टाळायची. दम्याच्या पंपात किंवा नाकातल्या फवाऱ्यात स्टिरॉइड असेल तर तेही सांगा, कारण कीटोकोनाझोलमुळे त्याचा अंश शरीरात साचत जातो.

बाकीची औषधं थोडक्यात. *ऑसिलोड्रोस्टॅट* मेटिरापोनसारखंच पण दिवसातून दोनदा घ्यायचं. २०२० मध्ये युरोप आणि अमेरिकेत मोठ्यांसाठी मंजूर झालं, मुलांमधला अनुभव अजून थोडा आहे. *कॅबरगोलिन* गाठीवरच काम करतं, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायचं, सहज मिळतं. पण सगळ्यांना लागू पडत नाही आणि लागू पडलं तरी काही महिन्यांनी परिणाम ओसरू शकतो. *पासिरिओटाइड* हे गाठीवरचं इंजेक्शन. मोठ्यांवरच्या त्याच्या मुख्य अभ्यासात १६२ पैकी ११८ जणांची साखर वाढली होती. शिवाय ते वाढीचं हार्मोन दाबतं. ज्या मुलाची उंची आधीच अडली आहे त्याला ते देताना माझा हात अडतो. *मिफेप्रिस्टोन* कॉर्टिसॉल कमी करत नाही, त्याचा परिणाम अडवतं, म्हणून रक्तातल्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. मुलांमध्ये ते क्वचितच. *मायटोटेन* अ‍ॅड्रिनलच्या पेशीच मारतं, चरबीत महिनोन्महिने साठून राहतं. मुलांमधल्या कुशिंग रोगात त्याची वेळ सहसा येऊ नये.

*इटोमिडेट* मात्र लक्षात ठेवा. हे भूल देण्याचं औषध आहे. मूल अतिगंभीर असेल, तोंडाने काही घेता येत नसेल, तेव्हा आयसीयूत अगदी कमी मात्रेत शिरेतून देतात आणि काही तासांत कॉर्टिसॉल खाली येतं. "मुलाला भुलीचं औषध का लावलंय?" असं वाटून घाबरू नका.

ही औषधं मुलांसाठी मंजूर आहेत का?

बरीचशी नाहीत. आजार इतका दुर्मीळ आहे की मुलांवर मोठे अभ्यास करणंच अवघड. त्यामुळे डॉक्टर मोठ्यांचा अनुभव आणि मुलांवरचे लहान लहान अभ्यास जोडून निर्णय घेतात. हे बेकायदेशीर किंवा प्रयोग करणं नव्हे, पण ते तुम्हाला आधी सांगून, तुमची संमती घेऊन व्हायला हवं. बारा वर्षांच्या मुलालाही त्याच्या भाषेत समजावून सांगायला हवं. गोळी शेवटी त्यालाच गिळायची आहे.

डोस कसा ठरतो?

दोन रीती आहेत. एकीत डोस थोडा थोडा वाढवत कॉर्टिसॉल योग्य पातळीवर आणून ठेवतात. दुसरीत औषधाने शरीराचं कॉर्टिसॉल जवळपास बंद करतात आणि गरजेपुरतं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, गोळीने देतात. ज्या मुलाचं कॉर्टिसॉल आज आभाळात आणि उद्या जमिनीवर असं झुलतं, किंवा जे गावाहून दर आठवड्याला येऊ शकत नाही, त्याला मी दुसरी रीत सुचवते. गोळ्या वाढतात, पण रात्रीची झोप लागते, मुलालाही आणि मलाही.

एखादी गोळी द्यायची राहिली तर?

आठवल्यावर द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दुप्पट कधीही देऊ नका.

औषध जास्त झालं तर काय होतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. कॉर्टिसॉल जास्त राहिलं तर शरीराची हानी महिन्या-वर्षांत होते. फार कमी झालं तर काही तासांत जीव धोक्यात येतो.

लक्षणं साधी दिसतात आणि तिथेच फसगत होते. मूल गळून जातं, भूक जाते, पोट दुखतं, उलट्या होतात, उभं राहिलं की चक्कर येते, अंग गार पडतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं खाल्लं असेल. कॉर्टिसॉल अडवणारं औषध घेणाऱ्या मुलाला दोन उलट्या झाल्या, तर ते 'पोट बिघडलंय' असं धरून चालायचं नाही. ते औषध पुढच्या सूचनेपर्यंत थांबवायचं, ठरवून दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं आणि निघायचं. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच हवं, सोबत ग्लुकोज आणि सलाईन.

यासाठी औषध सुरू होण्याआधीच घरात तीन गोष्टी तयार हव्यात. एक, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि ते कसं द्यायचं याचं आईवडिलांना शिक्षण. सुई टोचायची भीती असते, म्हणून आम्ही मोसंबीवर सराव करून घेतो. मोसंबीच्या सालीतून सुई आत जाताना हाताला जो किंचित अडथळा लागतो, तो एकदा ओळखीचा झाला की मांडीत टोचताना हात थरथरत नाही. दोन, मराठी आणि इंग्रजीत लिहिलेलं पत्र: आजाराचं नाव, चालू औषधं, इंजेक्शनचा मुलाच्या वजनाप्रमाणे डोस, आमचा फोन नंबर. हे पत्र दप्तरात, पाकिटात आणि मोबाइलच्या फोटोत असावं. तीन, गावातल्या डॉक्टरांशी आधीच एकदा बोलणं. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांना हा आजार समजावून सांगायची वेळ येऊ नये. एका कुटुंबावर ती आली होती. "स्टिरॉइड घातक असतं" म्हणून तिथे इंजेक्शन द्यायला पाऊण तास टाळाटाळ झाली. मुलगी वाचली, पण तिच्या वडिलांचा तो फोनवरचा आवाज मला अजून ऐकू येतो.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतात. नीट कशी करायची?

रविवार निवडा, शाळेच्या दिवशी ते जमत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची पहिली लघवी धरून. कॅन थंड जागी ठेवा. मध्ये एकदा जरी सांडली किंवा विसरली तर खरं सांगा, आपण पुन्हा गोळा करू. अर्धवट गोळा केलेली लघवी आकडा खोटाच कमी दाखवते आणि सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं.

रात्री अकराच्या सुमारास लाळेतलं कॉर्टिसॉलही तपासतात. कापसाची वळकटी तोंडात धरायची असते. त्याआधी काही खायचं नाही आणि दात घासायचे नाहीत, हिरडीतून रक्त आलं तर नमुना वाया जातो.

ऑपरेशन यशस्वी झालं म्हणता, मग आता हायड्रोकॉर्टिसोन का? स्टिरॉइडनेच तर हा आजार होतो ना?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. इतकी वर्षं गाठ एकटीच ओरडत होती, त्यामुळे पिट्युटरीचा निरोगी भाग झोपी गेला. गाठ काढल्यावर कॉर्टिसॉल एकदम तळाला जातं, आणि तीच यशाची खूण असते. निरोगी भाग जागा व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत निरोगी शरीर रोज जेवढं बनवतं, साधारण तेवढंच बाहेरून द्यायचं. आजारात शरीरात होतं त्याच्या तुलनेत हे फार थोडं असतं.

ताप आला तर हा डोस दुप्पट ते तिप्पट करायचा, बरं वाटल्यावर पुन्हा नेहमीवर आणायचा. दातांचं काम असो की हाड मोडलेलं असो, आधी हायड्रोकॉर्टिसोनचा विषय काढायचा.

बरं झाल्यावर मूल आणखी चिडचिडं, मलूल का झालं?

शरीराला जास्त कॉर्टिसॉलची सवय झालेली असते. ते उतरल्यावर सांधे दुखतात, त्वचा सुटते, मूल रडतं, शाळेला जायला नको म्हणतं. आईवडील म्हणतात, "आधीच बरा होता." हे काही आठवडे ते काही महिने टिकतं. मुलाला आळशी म्हणू नका, तो ओढून ताणून आजारी पडलेला नाही. मन फारच खचलं असेल तर समुपदेशकाची मदत लवकर घ्या.

उंची भरून निघेल का?

थोडीफार, कधी बरीच. आजार किती वर्षं होता आणि हाडांचं वय (एक्स-रेत दिसणारी हाडांची वाढ) किती झालं यावर ते ठरतं. कॉर्टिसॉल आटोक्यात आल्यावरही वाढ पकडत नसेल तर वाढीच्या हार्मोनची तपासणी करतात, कमी असेल तर त्याची इंजेक्शनं देतात. यात वाट बघत बसण्यासारखं काही नाही. हाडांची टोकं एकदा जुळली की कुठलंही इंजेक्शन उंची वाढवू शकत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची मोजून घ्या, आणि ती घरच्या दाराच्या चौकटीवर न मोजता दवाखान्यात, बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून.

सोबत आयुर्वेदिक औषध दिलं तर चालेल का?

विचारल्याशिवाय नको, आणि जेष्ठमध तर नकोच. जेष्ठमधातल्या द्रव्याने मूत्रपिंडावर कॉर्टिसॉलचा परिणाम वाढतो, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. मेटिरापोनसोबत तर दोघं एकाच दिशेला ओढतात. खोकल्याच्या काढ्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत जेष्ठमध बऱ्याचदा असतं, पाकिटावरची यादी वाचा. बिनपाकिटाची, बिननावाची पूड कुणीही कितीही खात्रीने दिली तरी देऊ नका.

लशी द्यायच्या का?

कॉर्टिसॉल खूप जास्त असताना गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लशी थांबवतात, बाकीच्या देता येतात. याच काळात मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते. काही मुलांना फुफ्फुसाचा एक विशिष्ट संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सुरू करतात. त्याचं कारण माहीत असू द्या, जास्तीची गोळी म्हणून बंद करू नका.

मेटिरापोन आमच्या इथल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. काय करायचं?

बहुतेक ठिकाणी मिळत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी परदेशातून औषध मागवायला केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी मिळते, अर्ज १२ए नमुन्यात करायचा असतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. यात दिवस जातात, त्यामुळे निर्णय झाला त्याच दिवशी कागद सुरू करा आणि तोवर काय द्यायचं ते विचारून घ्या. खर्चासाठी इस्पितळातल्या समाजसेवा विभागात स्वतः जाऊन बसा. तिथले लोक फाइल वाचून कुठल्या योजनेत, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा ते सांगतात. हात पसरल्यासारखं वाटून अनेक वडील तिथे जात नाहीत. कृपा करून जा.

दाखवायचं कुठे?

जिथे मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर, पिट्युटरीवर नेहमी ऑपरेशन करणारा सर्जन आणि रात्रीच्या कॉर्टिसॉलची तपासणी एका छताखाली आहे, तिथे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या आजारांच्या) विभागाचा मुलांमधल्या कुशिंग रोगाचा अनुभव जुना आहे आणि त्यावरचे त्यांचे शोधनिबंधही प्रसिद्ध आहेत. लांबच्या गावाहून येत असाल तर आधी फोन करून विचारा, बऱ्याच तपासण्या रात्रीच्या असल्यामुळे मुलाला भरती करावं लागतं.

एकदा बरं झालं की तपासण्या किती दिवस?

अनेक वर्षं, मोठेपणीही. आजार दहा-दहा वर्षांनी उलटलेला पाहण्यात आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने या. मधेच वजन चढू लागलं, चेहरा पुन्हा गोल वाटला किंवा पँटची कंबर सोडायची वेळ आली आणि लांबी मात्र पुरतेय असं दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता या. येताना ती पँटही आणा.